साडूंचा इरिडियम प्लग

माझ्या साडूंच्या गाडीसाठी मागवलेला नवा कोरा प्लग मी झिजलेला समजून नगरपालिकेच्या घंटागाडीत टाकला, आणि जुना, घासून लख्ख केलेला, नवा म्हणून नेऊन बसवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढेमागे कळणारच आहे, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर त्यात आणखी दोन चुकांची भर पडलेली असते. माझ्या बाबतीत लोक तेवढी मेहनत आनंदाने घेतात.

पण विषय मी नाही, साडू आहेत. पेणपासून रोह्यापर्यंत, आणि पूल ओलांडून थेट अष्टमीपर्यंत शोधलंत तरी ठिणगीवर एवढी श्रद्धा असलेला माणूस तुम्हाला दुसरा सापडणार नाही. लोक देवावर, डॉक्टरवर, गेलाबाजार शेअर बाजारावर विश्वास ठेवतात. साडूंचा विश्वास स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीवर आहे. त्या फटीत ठिणगी जोरात उडाली की इंजिन काय, माणूसही सुधारतो असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या पंगतीत कुणी अडखळत भाषण करायला लागला की ते माझ्या कानाशी येऊन सांगतात, "गॅप वाढलाय ह्याचा." डिझेलवर चालणाऱ्या एसटीकडे ते फार कणवेने बघतात. "बिचारीला ठिणगीच नाही," म्हणतात, "नुसती दाबून दाबून पेटवतात तिला." आणि हे सांगताना त्यांचा आवाज असा काही होतो की शेजारचा प्रवासी त्यांच्या घरी काही बरंवाईट झालंय का अशी चौकशी करतो.

हे साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला अष्टमीला, कामाला रोह्याच्या बाजूच्या एका केमिकल कंपनीत, शिफ्टमध्ये. कंपनीत लागले तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होते, केस पांढरे झाले तरी कॉन्ट्रॅक्टवरच आहेत. मधल्या काळात तीन साहेब आले आणि गेले, आणि प्रत्येकाने जाताना त्यांना "तुम्ही आहात तिथे ठीक आहात" एवढंच सांगितलं. साडू ह्याबद्दल फार बोलत नाहीत. मात्र एखाद्या वस्तूबद्दल कुणी "कंपनीने दिलंय तेच बरं असतं" असं म्हटलं की त्यांच्या नाकपुड्या फुगतात आणि त्यांचा हात खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे जातो.

ह्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांनी पुष्कळ सुधारणा केल्या. घरच्या गॅसच्या लायटरची ठिणगी त्यांना मरतुकडी वाटली. त्यांनी लायटर उघडून आतलं काहीतरी इकडचं तिकडे केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, डावी भुवई चहाच्या आधी गेली. साडू म्हणाले, "पण पेटला की नाही एका दमात?" त्या दिवशी ताईंनी साडूंना डबा दिला तो रिकामा दिला, आणि साडूंनी तो कंपनीत उघडेपर्यंत त्यांना कळलं नाही.

नंतर माझी पाळी आली. पेणला माझं प्लॅस्टिकच्या बादल्या, डबे आणि ब्रशचं दुकान आहे, आणि माल आणायला एक जुनी स्कूटर. साडूंनी एका रविवारी येऊन तिच्या प्लगची वायर बदलली. नवी वायर बोटाएवढी जाड, संत्र्याच्या रंगाची, आणि स्वस्त. स्वस्तपणाचा त्यांना फार अभिमान. "पैसा ओतून ताकद कुणीपण आणील," म्हणाले, "स्वस्तात आणून दाखवावी." स्कूटर पूर्वीसारखीच चालू लागली. फरक एवढाच झाला की मी ती सुरू केली की गल्लीच्या टोकाशी असलेल्या न्हाव्याच्या रेडिओत फोडणीत पाणी पडल्यासारखा चर्रर्र आवाज व्हायचा. गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा तो ताबडतोब उचलायचा आणि म्हणायचा, "थांबा, बादलीवाले निघाले." मी ही तक्रार साडूंना सांगितली. ते म्हणाले, "बघ. ठिणगी गल्लीच्या टोकापर्यंत जाते."

आता त्या गाडीचं. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना बसवून फेऱ्या मारतात त्या जाड्या टायरच्या चारचाकी मोटरसायकली तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना एटीव्ही म्हणतात. त्यातलीच एक, खारा वारा आणि हौशी पर्यटक ह्यांनी मिळून संपवलेली, साडूंनी भंगारातून उचलली. अष्टमीच्या फ्लॅटखाली ती उभी करायला सोसायटी तयार नव्हती, आणि सोसायटी तयार झाली असती तर ताई नव्हत्या. म्हणून ती धरमतरच्या खाडीलगत आमच्या सासऱ्यांच्या गावी, त्यांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. सासऱ्यांना आम्ही दोघेही जावई मामा म्हणतो. त्यांचा शेवटचा बैल जाऊन बराच काळ लोटला होता आणि गोठा रिकामाच होता. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ही खाते काय?"

"पेट्रोल."

"न शेन?"

"शेण नाही टाकत, मामा."

"मंग ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "झाडायचं काम वाचलं."

तेव्हापासून साडूंची प्रत्येक सुट्टी त्या गोठ्यात गेली. आधी ठिणगीला जोर देणारी लाल रंगाची कॉईल आली. मग तसलीच संत्र्याच्या रंगाची वायर. मग ठिणगी नेमकी कधी उडवायची हे ठरवणारा छोटा काळा डबा आला, त्याला सीडीआय म्हणतात, आणि त्यावर ज्वाळांचं चित्र होतं. मूळचा डबा आपण कुंडलिका नदीत फेकून दिला असं साडूंनी पुलावरून मला फोन करून सांगितलं. ही सगळी पार्सलं माझ्या दुकानात यायची, कारण अष्टमीला पार्सलवाला आला की ताई दारातूनच "ह्या नावाचा मानूस हितं ऱ्हात नाय" असं सांगून त्याला परत पाठवायच्या. पेणच्या एका गॅरेजवाल्याने साडूंना प्रामाणिकपणे सांगितलं, "दादा, एवढ्याशा इंजिनाला ह्यानं काय फरक पडत नाय. कंपनीनं बघूनच बसवलेलं असतं."

साडू म्हणाले, "कंपनी काय बघते ते मला सांगू नकोस. कंपनी बघते की गॅरंटीत परत येऊ नये. म्हणून दाबून ठेवते. कुठल्या कंपनीनं आजवर कुणाला त्याच्या पुऱ्या ताकदीनं चालू दिलंय, एक दाखव." गॅरेजवाला बिचारा हवा भरायला निघून गेला.

हे सगळं हौसेपुरतंच राहिलं असतं. पण मध्ये गावकी आली. मामांच्या गावची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या अंगाला आहे. खारं पाणी आणि भात ह्यांच्यामध्ये फक्त चिखलाचा एक बांध. उधाणाच्या भरतीने बांध कुठे फुटला की त्या तोंडाला खांड म्हणतात, आणि खांड भरेपर्यंत घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, हा तिथला कायदा. ज्या घरचा माणूस गेला नाही त्या घराला गावकीच्या बैठकीत बोलता येत नाही, आणि बांधाच्या दारावर, त्याला उघाडी म्हणतात, जी मासळी मिळते तिच्यातही वाटा नाही. मामांनी उभी हयात त्या बांधावर काढलेली. खांड कुठल्या अंगाने भरायला घ्यायची हे मामांनी हात करून दाखवावं आणि मग गावाने चिखल उचलावा, अशी रीत होती. पण मामांचे गुडघे गेले. मुलगा नाही, दोन मुलीच. काही वेळा त्यांनी मजूर पाठवला. शेवटी आम्ही दोघे जावई मामांबरोबर गेलो होतो त्या बैठकीत गावकीच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं, "मजूर लावून बांध राखता येत नाय. घरचा मानूस पायजे. नसंल तर तुमी बसा, ऐका, पन बोलू नका." मी अर्धवट उठून "आम्ही जावई आहोत की" असं म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, "जावय पावना आसतो. पावन्याला चिखलात घालायची आमच्यात रीत नाय."

मामांनी नुसतं उपरणं झटकून मांडीवर ठेवलं. आणि साडू उठले. जावयाने गावकीत उठून बोलणं हेच मुळात अगोचरपणाचं, पण साडूंच्या नाकपुड्या फुगलेल्या होत्या.

"पूर्वी बांधावर बैल आणला तर माणूस धरायचे का?"

"धरायचे," अध्यक्ष म्हणाले. "बैल घरचा आसंल तर."

"घरचा म्हणजे?"

"ज्याच्या गोठ्यात बांधलाय त्याचा."

"मग आमची गाडी मामांच्या गोठ्यात आहे. साखळीनं बांधलेली आहे. मामा रोज सकाळी तिच्यावरचं फडकं काढतात नि संध्याकाळी घालतात. ट्रॅक्टर तुमच्या बांधावर चढत नाही, ही चढते. आता सांगा, ही घरची नाही म्हणून."

बैठक हसायला लागली. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "बरं. येत्या खांडीला आना. खांड भरंपरेंत चालली तर मामांच्या घरचा मानूस धरू. मधीच बसली तर मामांचं घर गावकीतून भायेर, न तुमी हितं परत तोंड उघडायचं नाय."

"कबूल," साडू म्हणाले. मामांना कुणी विचारलंच नाही.

त्या दिवसापासून साडूंना रात्री झोप लागेना. त्यांनी ठरवलं की एवढ्या जोखमीला इरिडियम नावाच्या महाग धातूचाच प्लग पाहिजे. नंबर जुळवायला म्हणून जुना प्लग काढून माझ्या दुकानात आणून ठेवला, गोठ्यातल्या इंजिनाच्या भोकात चिंधी कोंबली, आणि माझ्या फोनवरून ऑर्डर दिली. पार्सल आलं. मी उघडलं. आता, माझ्या दुकानात तारेचे ब्रश असतात, आणि मला हाताला चाळा लागतो. आदल्या दिवशी मी तो काळा पडलेला जुना प्लग घासून घासून आरशासारखा केला होता. काउंटरवर दोन्ही प्लग शेजारी ठेवून मी गिऱ्हाइकाला मोड द्यायला वळलो, आणि परत बघतो तर दोन्ही लख्ख. एकाच्या मधलं टोक चांगलं जाडजूड, भरलेलं. दुसऱ्याचं झिजून झिजून पार सुईएवढं उरलेलं. मी स्वतःशी म्हटलं, किती वापरलाय ह्या माणसाने. सुईवाला उचलून केरात टाकला, आणि जाडजूड प्लग नव्या डबीत कापसासकट घालून ठेवला. इरिडियमच्या प्लगचं टोकच मुळी केसासारखं बारीक असतं आणि त्याच बारीकपणाचे पैसे घेतात, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. बादलीच्या धंद्यात जाड ते चांगलं असतं.

आश्विनातल्या पौर्णिमेच्या उधाणाने खांड पडली. भात पिवळं पडायला लागलेलं, कापणी तोंडावर, आणि खारं पाणी तासातासाला आत सरकत होतं. साडू रात्रपाळीला होते. सकाळी कंपनीच्या गेटवरून त्यांचा फोन आला. "पेणकर, तू पुढे हो. प्लग बसवून ठेव, मी सरळ बांधावर येतो. हाताने लाव आधी, मग पाना. जपून." मी डबी छातीशी धरून गेलो आणि अशा काही भक्तिभावाने प्लग बसवला की मामांनी मला "नारल फोडू काय?" असं विचारलं.

साडू आले ते कंपनीच्या निळ्या ड्रेसमध्येच. बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, आणि साडूंनी डोळे मिटले.

"ऐक," म्हणाले.

"काय?"

"इरिडियम."

मागे दोन चाकांची ट्रॉली, तिच्यात चिखलाच्या गोणी, आणि जेमतेम गाडीच्या रुंदीचा तो ओला बांध. डाव्या अंगाला खाडी, उजव्या अंगाला मामांचं आणि बाकी सगळ्यांचं भात. साडू जात होते, गोणी ओतून उलटे येत होते, परत जात होते. गाव डोक्यावरून चिखल वाहत होतं आणि प्रत्येक फेरीला बाजूला होऊन गाडीला वाट देत होतं. सुरुवातीला हसून, मग नुसतंच, मग "सरा रे, मामांची गाडी आली" असं म्हणून. मामा बांधाच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मीही चिखल देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो, पाहुणा असलो तरी, आणि कमरेपर्यंत रुतलो. तिथून दोघांनी मला ओढून काढलं. माझी एक चप्पल अजून त्या बांधात आहे.

ओहोटी सरून पाणी परत चढायला लागलं, खांडीचं तोंड हातभर उरलं, आणि गाडी बसली. बांधाच्या बरोबर मध्यावर, भरलेल्या ट्रॉलीसकट. सगळा आवाज थांबला आणि पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. अध्यक्षांनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि मामांकडे बघितलं. मामांनी खाडीकडे बघितलं. साडू खाली वाकले, सीट उपसली, आणि ज्वाळांचं चित्र असलेला तो डबा काढून झटकला. त्यातून चमचाभर खारं पाणी पडलं.

"मेला?" मी विचारलं.

साडूंनी निळ्या ड्रेसच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू बाहेर काढली. तो गाडीचा मूळचा, कंपनीचा डबा होता.

"दादा, हा तर कुंडलिकेत टाकला होता ना तुम्ही?"

"टाकणार होतो," ते म्हणाले. "पुलावर गर्दी होती. धर हे फडकं आणि तोंड बंद ठेव."

गाडी पुन्हा सुरू झाली. उरलेल्या गोणी पडल्या, वरून पेंढा आणि चिखल पडला, भरती येऊन खांडीला थडकली आणि थांबली. अध्यक्ष हात धुऊन मामांच्या खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, "मामा, त्या अंगाला आजून येक थर टाकावा काय?" मामांनी नीट बघून घेतलं. मग हात करून दाखवला, आणि गाव तिकडे वळलं.

दुपारी अध्यक्षांनी उघाडीवरचा एक जिताडा मासा मामांच्या घरी पाठवला. घरचा वाटा म्हणून. ताईही तोवर अष्टमीहून आल्या होत्या. त्यांनी तो रांधला, आणि आम्ही जेवायला बसलो. पोटात जिताडा गेला की मला बोलावंसं वाटतं. मी म्हणालो, "दादा, पण तुमचा जुना प्लग किती झिजला होता हो. पार सुई. मी टाकून दिला बरं का."

साडूंचा घास वाटेत थांबला. "कशी सुई?"

मी बोटाने दाखवली. साडूंनी घास ताटात ठेवला. ताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि हसू लपवायला त्या रस्सा आणायला म्हणून उठल्या. मला वाटलं, आता संपलं. नवा प्लग घंटागाडीत, नवा डबा खाऱ्या पाण्यात. सकाळपासून ती गाडी ओढत होती ती कंपनीच्या जुन्या प्लगवर आणि शेवटी कंपनीच्याच जुन्या डब्यावर. गॅरेजवाला म्हणाला होता तेच खरं. मग साडूंच्या नाकपुड्या हळूहळू फुगल्या.

"म्हणजे," ते म्हणाले, "जुना प्लग, जुना डबा, आणि तरी एवढी ओढली."

"हो."

"म्हणजे सगळी कमाल कॉईलची. विचार कर, पेणकर, इरिडियम असता तर काय झालं असतं." आणि त्यांनी जिताड्याचं डोकं माझ्या ताटातून उचलून स्वतःच्या ताटात घेतलं. ह्या माणसाला हरवणं तीन साहेबांनाही जमलेलं नाही.

संध्याकाळी मी ओटीवर मामांपाशी बसलो होतो. समोर गोठ्यात साडू गाडी गोड्या पाण्याने धूत होते. मीठ राहू नये म्हणून वायर न् वायर फडक्याने पुसत होते, एखाद्याचा ताप बघावा तसा इंजिनावर हात ठेवून बघत होते. रात्रभर शिफ्ट, दिवसभर बांध, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिफ्टला जायचं होतं. पण त्यांना बसावंसं वाटत नव्हतं. मला वाटून गेलं, ह्या माणसाचं झाकण उघडून आतलं काय आहे ते बघायची तसदी त्यांच्या कंपनीत कुणी घेतली असती तर. मग वाटलं, घेतली नाही तेच बरं. नाहीतर हा गोठा रिकामा राहिला असता. धुऊन झाल्यावर साडूंनी गाडीला साखळी लावली. मामा काठी टेकत उठले, गोठ्यापर्यंत गेले, आपल्या हाताने तिच्यावर फडकं घातलं आणि परत येऊन बसले.

मला जरा एकटं वाटलं. मी म्हणालो, "मामा, गाडीला घरचा माणूस धरला ते बरंच झालं. पण सकाळपासून चिखलात मीही होतो. माझं काही कुठे धरलं की नाही?"

मामांनी माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं.

"तुमाला चिखलातून वर काढाया दोन मानसं लागली," ते म्हणाले. "तुमी आला नसता, तर खांड आदीच भरली आसती."